दादा सांगेल ते

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. नाव आणि गाव छापू नका असं त्यानं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र चार पानांचं आहे. त्यातला मुख्य भाग त्याच्याच शब्दांत देते.

"ताई, मला अरे-तुरेच करा, माझी थोरली आत्या तुमच्याच वयाची असेल. माझं वय 29. बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात मामांनी मला तमिळनाडूत त्यांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानावर नेलं. जातोस का, असं कुणी विचारलं नाही. दोन वर्षं पाऊस नव्हता आणि माझ्या ताईचं लग्न तोंडावर आलं होतं. तेव्हापासून भट्टी, सोनं वितळवायची मूस आणि तेजाब, म्हणजे ॲसिड. आता दुकान बहुतेक मीच बघतो. पैसा आला, ताईचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. पण मी कसला माणूस झालोय ते मला कळत नाही. गावाकडं आलो की समोरच्याच्या हातातली अंगठी आधी दिसते, माणूस मागनं. बोलणं तुटक झालंय. बायको म्हणते, तुम्ही घरातसुद्धा हिशोबच घालता. माझ्याबरोबरचा एकजण झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, एकजण पोलिसात गेला. मी इथंच राहिलो असतो तर वेगळा झालो असतो, चांगला झालो असतो, असं सारखं वाटतं.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. आमच्या दुकानाच्या कोपऱ्यावर एक म्हातारी फुलं विकते. नातीच्या फीसाठी ती गळ्यातलं 8 ग्रॅम सोनं मोडायला घेऊन आली. यंत्रावर टंच, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती, 88 आला. मामा शेजारी बसले होते, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी तिला 84 सांगितला. ती पैसे मोजून गेली. रोज येता-जाता दिसते.

आता धाकटा भाऊ बारावी सायन्स पास झालाय. मामांचा निरोप आलाय, पोराला लावून द्या. वडील म्हणतात, तूच त्याला सांग. भावाला विचारलं तर म्हणतो, दादा सांगेल ते. शिवाय टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलंय, तेव्हा वडिलांचा मला आग्रह आहे की परत ये, द्राक्षं लावू. काय करू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खानापूर-आटपाडीकडच्या किती घरांतून हे पत्र येऊ शकलं असतं, हा विचार आधी मनात आला. विट्याच्या आसपासच्या गावांत फिरलं की चांगली बांधलेली, कुलूप लावलेली घरं दिसतात. यात्रेला आणि लग्नसराईला तेवढी उघडतात. जमीन होती, पाणी नव्हतं, म्हणून त्या घरांतली माणसं देशभरातल्या सराफ कट्ट्यांवर सोनं-चांदी गाळत बसली. त्यांनी पाठवलेल्या पैशावर इकडं देवळं उभी राहिली, शाळांच्या खोल्या झाल्या, बहिणींची लग्नं झाली. त्यामुळं गलाईच्या धंद्यानं तुला वाईट केलं, हे मी मान्य करणार नाही. त्याच धंद्यात आयुष्यभर खरा टंच सांगितलेली माणसं आहेत. तुझ्या गावातली दोन-चार नावं तुलाही माहीत असतील.

राहिला असतास तर चांगला झाला असतास का, हे मला सांगता येत नाही आणि कुणालाच येणार नाही. मास्तर झालेला आणि पोलिसात गेलेला तुला वर्षातून आठ दिवस भेटतात, यात्रेच्या कपड्यांत. त्यांना रात्री काय खातं ते तुला कुठं ठाऊक आहे? हा प्रश्न इथंच सोडू. त्याच्या मागं बारा वर्षं गेली, तेवढी पुरेत.

आता मला तुझ्या पत्रात जे दिसलं ते सांगते. "मामांनी नेलं" आणि "मामांनी बघितलं" ही दोन वाक्यं तू एकाच सुरात लिहिली आहेस, जणू दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत. त्या सारख्या नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला कुणी न विचारता गाडीत बसवलं, तो निर्णय तुझा नव्हता. त्याबद्दल मामांना, वडिलांना, पावसाला, कुणालाही जाब विचारायचा तुला हक्क आहे. पण 84 हा आकडा तुझ्या तोंडून आला. मामांनी बघितलं, बोललास तू. तेव्हा तू सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतास, बायको-घर असलेला, दुकान चालवणारा माणूस होतास. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तू मला मोठ्या विश्वासानं लिहिलंयस, तेव्हा गुळमुळीत बोलून भागणार नाही.

आणि हे केवळ टोचायचं म्हणून बोलत नाही. तिसऱ्या पानावर तू एक गोष्ट सहज लिहून गेलास आणि तिला काडीची किंमत दिली नाहीस. दुकानात आटपाडीकडचा एक पोऱ्या कामाला आहे. मामांची जुनी रीत अशी की वर्षभर जेवणखाण आणि वरखर्च द्यायचा आणि पगाराचा हिशोब दिवाळीला एकदम करायचा. तू हट्ट धरलास, त्या पोराला बँकेत नेऊन खातं उघडून दिलंस आणि दर महिन्याला त्याचा पगार त्यावर टाकायला लावलास. मामा दोन महिने तुझ्याशी धड बोलले नाहीत, असं तूच लिहिलंयस. अरे, मग मला सांग, तेव्हा दुकान तेच होतं ना? मामाही तेच, शेजारीच बसलेले. एकदा तू त्यांच्या मनाविरुद्ध गेलास, एकदा त्यांच्या डोळ्यांपुढं नमलास. दुकानानंच तुला घडवलं असतं तर या दोन्ही वेळी तू एकसारखाच वागला असतास.

साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटलांची आठवण तुला करून द्यावीशी वाटते. त्यांचे पती भाऊराव पाटलांचं नाव शाळेत ऐकलंच असशील, रयत शिक्षण संस्था त्यांची. किर्लोस्करांचे नांगर विकण्यात त्यांचा हातखंडा होता, चांगली मिळकत होती. 1919 साली कराडजवळच्या काल्यात त्यांनी संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. हा निर्णय भाऊरावांचा. लक्ष्मीबाईंच्या लग्नात असलं काही ठरलं नव्हतं. जैन पाटलाच्या घरची लेक, आणि एक दिवस दारात सगळ्या जातींची, उपाशी, उघडी-वाघडी पोरं येऊन उभी राहिली. नवऱ्यानं आणलीत तर नवऱ्यानं बघावं, असं त्या म्हणू शकल्या असत्या आणि त्या काळात त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी त्या पोरांना रांधून वाढलं. कोठीतलं धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 1930 साली त्या गेल्या. आज रयतच्या शाळा महाराष्ट्रभर आहेत आणि भाऊरावांच्या बरोबरीनं त्यांचं नाव घेतलं जातं.

हे मी तुला थोरामोठ्यांचे पोवाडे ऐकवायला सांगत नाही. सोनं मोडायला येणाऱ्या बाईची बाजू तू रोज काउंटरच्या पलीकडून बघतोस, म्हणून सांगते. दुसऱ्यानं घेतलेल्या निर्णयाच्या आत राहून त्या बाईनं स्वतःचे निर्णय घेतले. मंगळसूत्र मोडायला त्यांना कुणी लावलं नव्हतं. आपल्याकडं बहुतेकांचं आयुष्य असंच असतं. जन्म कुठं, शिक्षण किती, लग्न कुणाशी, पोटापाण्याला कुठल्या गावी, यातलं बरंचसं दुसरं कुणीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं. बायकांच्या बाबतीत तर अजूनच. म्हणून त्या सगळ्यांना स्वतःचं असं काही नसतं, असं थोडंच आहे? ठरवून दिलेल्या जागेत आपण काय बोललो, कुणाच्या ताटात काय वाढलं, कुठं गप्प बसलो, यावरच पुढं आपलं माणूसपण ओळखलं जातं. तुझंही त्यावरच ओळखायला हवं. मास्तर की गलाईवाला, ही ओळख वरवरची.

गप्प बसण्याबद्दल आणखी थोडं. तुझ्या वडिलांना द्राक्षं लावायची आहेत, तर तासगावकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारून ये. तो सांगेल की ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड त्या वेळी तयार होत नाही. एप्रिलला खरड छाटणी होते, त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात घड धरायचा की नाही ते ठरून गेलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला तेव्हा नुसती पानं दिसतात. तुझ्या 84 चंही तसंच आहे. तो आकडा त्या एका दुपारी तयार झाला नाही. त्याच्या आधी कधीतरी मामांनी दुसऱ्या कुणाला कमी टंच सांगितला असेल आणि तू मूस पुसत बसला असशील. कधी तुझ्यादेखत एखाद्या गिऱ्हाइकाची चेष्टा झाली असेल आणि तूही हसला असशील. मी अंदाजानं बोलते आहे, चूक असेल तर सोडून दे. पण बरोबर असेल तर तू तिथून मागं जाऊन बघ, कारण पुढचे घडही असेच धरतात.

म्हणून पहिलं काम त्या म्हातारीचं. 8 ग्रॅमवर 4 टंच, म्हणजे 320 मिलिग्रॅम सोनं. आजच्या भावानं त्याचे जे पैसे होतील ते घेऊन तिच्याकडं जा आणि तिला तिच्या भाषेत सांग की त्या दिवशी टंच चुकीचा सांगितला गेला, हे तुमचे राहिलेले पैसे. "चुकीचा सांगितला गेला" असं म्हणताना जीभ अडखळली तर "मी सांगितला" असं म्हण. ती शिव्या देईल, कदाचित चार माणसांपुढं देईल. ऐकून घे. तिच्या टोपलीतली फुलं जास्त भावानं रोज विकत घेऊन हे फेडता येईल, असा विचार तुझ्या मनात येऊन गेला असेल तर तो काढून टाक. त्यानं तुला बरं वाटेल, तिचा हिशोब तसाच राहील. आणि हे पैसे गल्ल्यातले नकोत, तुझ्या पगारातले दे.

मामांना हे आधी सांगायचं की नंतर? नंतर, पण त्याच दिवशी. त्यांना न सांगता केलंस तर ती पुन्हा एक लपवाछपवी होईल. "मी पैसे देऊन आलो, आणि इथून पुढं माझ्या तोंडून यंत्रावर येईल तोच आकडा जाईल," एवढं बोल. वाद घालू नको. मामांनी तुझ्या घरासाठी केलेलं खोटं होत नाही, ताईच्या लग्नात तेच उभे होते हे विसरू नको. मामांचे उपकार मानायचे आणि मामांचा आकडा नाकारायचा, दोन्ही एकाच माणसाला जमतं. तुला जमेल, पोऱ्याच्या पगाराच्या वेळी जमलंच होतं.

आणि हे सगळं करायच्या आधी बायकोला सांग. "घरातसुद्धा हिशोबच घालता" असं ती म्हणते तेव्हा ती तक्रार करते आहे असं तुला वाटतं. मला तर वाटतं, तुझ्या मनात काहीतरी अडकलंय एवढं तिला कळलंय आणि काय ते कळत नाही, म्हणून ती बोलते. हे पत्र तिला वाचायला दे. निम्मं काम तिथंच होईल.

आता भावाचं. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात घाबरवणारी ओळ तीच आहे, "दादा सांगेल ते." वडिलांनी तुझ्यावर टाकलं, भावानं तुझ्यावर टाकलं. म्हणजे बारा वर्षांपूर्वी मामा ज्या जागी होते, त्या जागी आज तू येऊन उभा आहेस. जा म्हणालास तर तू त्याचा मामा झालास. जाऊ नको म्हणालास तरी झालास, कारण मग तो आयुष्यभर म्हणेल की दादानं स्वतः कमावलं आणि मला अडवलं. त्याच्या वतीनं ठरवू नको. फक्त त्याला ठरवता येईल एवढं सगळं त्याच्यापुढं ठेव, आणि ते त्यानं घाईत ठरवू नये यासाठी मामांपुढं आणि वडिलांपुढं तू आडवा उभा राहा. तुझ्यासाठी कुणी राहिलं नव्हतं.

सगळं म्हणजे काय? किती तास भट्टीपुढं बसावं लागतं ते सांग. तेजाबात दागिना टाकला की तांबूस धूर कसा उठतो, तो छातीत कसा बसतो ते सांग. पहिली किती वर्षं हातात काय पडतं आणि स्वतःचं दुकान टाकायला किती भांडवल लागतं ते आकड्यांत सांग. चांगलंही सांग. परमुलखात भाषा शिकून उभं राहता येतं, तीन हजार रुपये कधी एकत्र न बघितलेल्या घरावर स्लॅब टाकता येतो, हे खोटं नाही. आणि 84 ची गोष्ट त्याला सांग. त्यानंतर तो तुला देव मानणार नाही, माणूस मानेल. त्याच्या निर्णयासाठी ते गरजेचं आहे.

मग त्याला त्याचं विचार. तू लिहिलंयस की विहिरीवरची मोटर जळली तर विट्याला न नेता तो स्वतःच वायंडिंग भरतो. कुणी शिकवलं नाही, बघून-बघून शिकला. अशा पोरानं "दादा सांगेल ते" म्हणावं याचं मला वाईट वाटतं. बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे त्याला माहीत आहे का? इलेक्ट्रिकलची आयटीआय हा दुसरा रस्ता. पैशाची अडचण असेल तर रयतच्या कॉलेजांत कमवा आणि शिका आहे, तासाचे पैसे मिळतात. प्रवेशाच्या फेऱ्यांच्या तारखा असतात आणि त्या एकदा गेल्या की वर्ष जातं. म्हणून आधी फॉर्म भरून टाका, मग मामांकडं जायचं की नाही ते बघा. फॉर्म भरला म्हणजे जाणं बंद झालं असं नाही, पण फॉर्म न भरता गाडीत बसला तर मागचा दरवाजा लागला. त्याला दुकान बघायचंच असेल तर तुझ्याबरोबर पंधरा दिवस येऊ दे, परतीचं तिकीट आधीच काढून.

तो सगळं ऐकून म्हणाला की मला मामांकडंच जायचंय, तर जाऊ दे. मनापासून जाऊ दे. पगार पहिल्या महिन्यापासून त्याच्या खात्यावर, एवढी अट घाल. ती तुला घालता येते.

राहिला तुझा परत यायचा प्रश्न. तो आज ठरवू नको, असं मला वाटतं. आज तुला परत यायचंय ते द्राक्षांसाठी की त्या कोपऱ्यावरून रोज जावं लागू नये म्हणून, हे तुझ्याच पत्रावरून मला नीट कळत नाही. कोपऱ्याचं आधी मिटव. मग सहा महिन्यांनी शिवार बघ. टेंभूचं पाणी आलं ही आमच्या पिढीला स्वप्नात न आलेली गोष्ट आहे, कराडजवळ उचललेली कृष्णा आटपाडीपर्यंत चढत गेली. पण द्राक्षाला नुसतं पाणी लागत नाही. अँगल-तारेचा मंडप, खुंटावर कलम, पहिलं पीक हातात यायला दोन-अडीच वर्षं, आणि मग ऐन फुलोऱ्यात अवकाळी आला की दावण्या रोग. तोवर घर कशावर चालवायचं, हे वडिलांबरोबर कागदावर मांड. तुझा हिशोबी स्वभाव इथं उपयोगी पडेल, त्याची लाज बाळगू नको.

परत आलास तर ही बारा वर्षं वाया गेली असंही समजू नको. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी आहेत, ती मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी भोपळा आणि तारा हातात घेतल्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धंदा बदलला, हातातली बारकाई गेली नाही. मिलीचा फरक ओळखणाऱ्या माणसाला बागेतल्या औषधांची मात्रा मोजणं अवघड जाणार नाही.

एक शेवटचं, ते तू चौथ्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस, पहाटे खोकला येतो म्हणून. बारा वर्षांचा तेजाबाचा धूर असू शकतो तो. आता गावाकडं आला आहेस तर परत जायच्या आधी मिरजेला छातीच्या डॉक्टरला दाखव, एक्स-रे काढ, आणि गलाईचं काम करतो असं त्यांना न लपवता सांग. दुकानात धूर ओढणारा पंखा आणि धुराडं नसेल तर मामांशी दुसरं बोलणं त्याचं कर. आटपाडीचा तो पोऱ्याही तिथंच बसतो ना?